न्याय, दया आणि नम्रता: मीखाच्या संदेशावरील एका गट-अभ्यासक्रमाचे परीक्षण

मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायातील आठवे वचन ख्रिस्ती घरांत आणि मंडळ्यांत इतके परिचित आहे, की त्यावर आणखी एक अभ्यासक्रम कशाला हवा, असा प्रश्न कोणालाही पडावा. न्यायाने वागावे, दयेची आवड धरावी आणि आपल्या देवाबरोबर नम्रपणे चालावे, या तीन मागण्या आपण लहानपणापासून पाठ केलेल्या असतात. आमच्या मंडळीच्या अभ्यासगटाने अलीकडे पूर्ण केलेला अभ्यासक्रम याच वचनावर उभा आहे. सभासदांसाठी पुस्तिका, गटप्रमुखासाठी मार्गदर्शिका आणि प्रत्येक पाठाआधी ऐकायचे ध्वनिमुद्रण असा हा संच असून, प्रास्ताविक पाठानंतर न्याय, दया आणि नम्रता असे त्याचे तीन भाग केलेले आहेत. अशा धर्तीचे संच अनेक मंडळ्या वापरतात, म्हणून यातील बरेवाईट सविस्तर सांगणे उपयोगाचे ठरेल. माझे मत आधीच नोंदवतो. न्यायावरचा भाग फार चांगला आहे, दयेवरचा अर्धा राहिला आहे आणि नम्रतेवरचा भाग सर्वांत कमकुवत आहे. हा शेवटचा दोष मला गंभीर वाटतो, कारण नम्रता नीट शिकवली गेली नाही तर न्याय आणि दया यांचेही रूप पालटते.

प्रास्ताविक पाठ मीखाला त्याच्या काळात उभा करतो, आणि ते काम उत्तम झाले आहे. मीखा यरुशलेमेच्या दरबारातला नव्हता. तो यहूदाच्या सखल प्रदेशातील मोरेशेथ गावचा. यहूदाचे राजे योथाम, आहाज आणि हिज्कीया यांच्या कारकिर्दीत, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात, त्याने आपला संदेश दिला. याच काळात, इ. स. पू. ७२२ च्या सुमारास, उत्तरेकडील इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन अश्शूरी सत्तेच्या हाती पडली आणि इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरी राजा सन्हेरीबाच्या सैन्याने यहूदाची तटबंदीची नगरे घेतली. परंतु मीखाला दिसणारे संकट केवळ सीमेबाहेरचे नव्हते. दुसऱ्या अध्यायात तो अंथरुणावर पडल्या पडल्या दुष्ट बेत रचून, उजाडताच दुसऱ्याची शेते आणि घरे बळकावणाऱ्यांविषयी बोलतो. तिसऱ्या अध्यायात लाच घेऊन निवाडा करणारे पुढारी, मोबदल्यासाठी शिकवणारे याजक आणि पैशासाठी भविष्य सांगणारे संदेष्टे येतात; आणि हे सगळे करूनही परमेश्वर आपल्यामध्ये आहे, आपल्यावर अरिष्ट येणार नाही, अशी त्यांची खात्री असते.

या पार्श्वभूमीनंतर पुस्तिका सहावा अध्याय संपूर्ण वाचायला लावते, तोही मोठ्याने आणि वाचकांमध्ये वाटून. एक जण परमेश्वराचे शब्द वाचतो, एक जण उपासकाचे, एक जण संदेष्ट्याचे. या साध्या युक्तीने अध्यायाची रचना कानाला कळते. डोंगरांना साक्षीला बोलावून परमेश्वर आपल्या लोकांविरुद्ध वाद मांडतो; पण आरोपाआधी तो मिसरातून केलेल्या सुटकेची, मोशे, अहरोन आणि मिर्याम यांना पुढे पाठवल्याची आठवण देतो. मग उपासक आपली अर्पणे वाढवत नेतो: वर्षाची वासरे, हजारो मेंढे, तेलाच्या नद्या, आणि शेवटी पोटचा पहिला मुलगा. त्यानंतर आठवे वचन येते. बहुतेक प्रवचने येथे थांबतात. पुस्तिका थांबत नाही, कारण पुढच्या दोनतीन वचनांतच उणे माप, खोटा काटा आणि फसव्या वजनांची थैली यांचा उल्लेख आहे. परमेश्वर काय मागतो हे सांगून झाल्यावर संदेष्टा थेट बाजारात जातो, हे गटातील कित्येकांच्या प्रथमच ध्यानात आले.

येथे एक शंका नेहमी निघते, तशी आमच्याकडेही निघाली: कृपेने तारण होत असेल, तर या मागण्यांवर एवढा भर कशाला? अभ्यासक्रम तिला टाळत नाही. सुटकेची आठवण आधी आणि मागणी नंतर, हा मीखातला क्रम तो दाखवतो आणि लगेच लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत जकातदार जक्कयाकडे नेतो. येशू जक्कयाच्या घरी उतरला, त्यानंतर जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांच्याकडून अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत देण्याचे जाहीर केले. परतफेडीने त्याने येशूचे येणे विकत घेतले नाही. पण येशू घरात आल्यावर त्याची हिशेबाची वही जशीच्या तशी राहिलीही नाही. या विषयावर याहून लांब चर्चा वाचलेल्या आहेत, पण गटासाठी एवढे पुरेसे होते.

न्यायावरचा भाग हे या संचाचे खरे बळ आहे. न्याय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालये आणि सरकारे येतात, आणि मग त्याविषयी तावातावाने बोलणे सोपे असते, कारण आपल्याला करण्यासारखे त्यात फारसे काही उरत नाही. हा अभ्यासक्रम सुरुवात लेवीय १९ आणि अनुवाद २४ या अध्यायांपासून करतो. मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नये, सूर्य मावळण्याआधी ती द्यावी, कारण तो गरीब असून त्याचे सारे चित्त तिच्याकडे लागलेले असते. विधवेचे वस्त्र गहाण घेऊ नये. शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत आणि पडलेली कणसे गोळा करू नयेत, ती गरीब आणि परके यांच्यासाठी सोडावीत. काटा, वजने आणि मापे खरी असावीत. यातली एकही आज्ञा केवळ भावनेवर भागत नाही. प्रत्येकीत एखादी वस्तू, एखादी वेळ किंवा एखादी रक्कम आहे, आणि ती पाळली की मोडली हे तपासता येते. याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, हेही येथे जोडून घेतले आहे.

लेवीय १९ मधीलच एक आज्ञा पुस्तिकेने मुद्दाम वेगळी काढली आहे, आणि त्याबद्दल तिच्या संपादकांना धन्यवाद दिले पाहिजेत. लेवीय १९:१५ मध्ये निवाडा करताना श्रीमंताचे तोंड पाहू नये असे सांगितले आहे, तसेच गरिबाची भीड धरू नये असेही सांगितले आहे. दोन्ही एकाच वचनात आहेत. आपल्याला ज्याच्याविषयी कळवळा वाटतो त्याच्या बाजूने निकाल देणे म्हणजे न्याय नव्हे, हे समजल्याशिवाय दयेच्या भागाकडे वळू नये, अशी सूचना मार्गदर्शिकेत आहे. ही सूचना फार मोलाची आहे, कारण ज्या मंडळीत कळवळा भरपूर आणि चौकशी कमी असते, तेथे सर्वांत मोठ्याने रडणाऱ्याला मदत मिळते आणि मुकाट्याने सोसणारा मागे राहतो.

या भागाचा स्वाध्याय हा संच घेण्याचे सर्वांत मोठे कारण ठरावा. गटाने स्वतःच्या मंडळीचा जमाखर्च समोर घेऊन काही प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात. उपासनागृहाची झाडलोट करणाऱ्या, राखण करणाऱ्या किंवा वाद्ये आणि ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या माणसांना ठरलेल्या दिवशी पैसे मिळतात का? त्यांचे काम ‘सेवा’ म्हणून गौरवून त्यांची मजुरी कमी ठेवली जाते का? दुरुस्तीसाठी आलेल्या कारागिराचे देणे किती काळ थकले आहे? मदतीसाठी आलेला अर्ज कोण पाहतो, आणि अर्जदार त्याच्या नात्यातला असेल तर काय होते? आमच्या बैठकीत या प्रश्नांवर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि मग एकदम सगळेच बोलू लागले. कोषाध्यक्षांनी थकलेल्या देण्यांची यादी पुढच्या बैठकीत आणली आणि त्यातली जुनी देणी आधी चुकवावीत असे ठरले. दानपेटीत किती जमले याची घोषणा ऐकण्याची आपल्याला सवय असते; मंडळी कोणाची देणेकरी आहे हे ऐकणे हा निराळाच अनुभव होता.

इतिहासातील उदाहरण म्हणून येथे जॉन वूलमन यांची निवड केली आहे, आणि ती अगदी योग्य आहे. १७२० मध्ये जन्मलेले वूलमन हे उत्तर अमेरिकेतील क्वेकर पंथाचे. तरुणपणी, मालकाच्या सांगण्यावरून एका गुलाम स्त्रीच्या विक्रीचा दस्तऐवज लिहावा लागल्याने त्यांचे मन अस्वस्थ झाले, आणि पुढे त्यांनी असे कागद लिहिण्यास नकार दिला. गुलाम बाळगणाऱ्या आपल्याच पंथबांधवांच्या घरी ते जात, त्यांच्याशी समोरासमोर आणि सौम्यपणे बोलत, पण तेथे पाहुणचार घेतल्यास त्यांची सेवा करणाऱ्या गुलामांना मोबदला देण्याचा आग्रह धरीत. क्वेकरांच्या फिलाडेल्फिया येथील वार्षिक सभेने १७५८ मध्ये गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांविरुद्ध पाऊल उचलले, आणि १७७६ मध्ये गुलाम बाळगणे सभासदत्वाशी विसंगत ठरवले. वूलमन त्याआधीच, १७७२ मध्ये, निवर्तले होते. न्यायाचा आग्रह, मालकाविषयीही कटुता न धरणारी दया आणि स्वतःच्या ताटातल्या अन्नाचा हिशेब देण्याची नम्रता या एकाच आयुष्यात एकत्र दिसतात. खरे तर तिन्ही भागांना पुरेल असे हे चरित्र आहे, पण न्यायाचा भाग संपल्यावर पुस्तिका पुन्हा त्यांच्याकडे वळत नाही.

दयेवरच्या भागात अभ्यासक्रमाची पकड सुटू लागते. चांगल्या शोमरोन्याचा दाखला येथे अपेक्षितच होता, आणि त्याचे विवेचन काळजीपूर्वक केले आहे. शोमरोनी माणसाने वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, स्वतःच्या जनावरावर त्याला बसवले, उतारशाळेत त्याची शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशी दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, दिली आणि अधिक खर्च झाल्यास परत येऊन देण्याचे कबूल केले, हे सारे तपशील नीट पुढे ठेवले आहेत. मत्तय २५ मधील भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्यावरचा पाठही मनाला भिडणारा आहे. परंतु स्वाध्यायाची वेळ आली की सारे काही भेटी, जिन्नस आणि देणग्या यांवर येऊन थांबते. दर आठवड्याला दयेचे एक काम निवडावे आणि पुढच्या बैठकीत त्याविषयी सांगावे, एवढेच काम दिलेले आहे. न्यायाच्या भागात जी चिकित्सा होती, ती येथे दिसत नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा, येथे का घेतला नाही, हे मला कळले नाही. यरुशलेमेतील पहिली मंडळी रोज विधवांना अन्न वाटत होती, म्हणजे दयेत ती कमी नव्हती. तरीही ग्रीक बोलणाऱ्या यहुदी विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची कुरकूर निघाली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कृतघ्न ठरवले नाही. त्यांनी मंडळीला सात माणसे निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटावर अन्याय होत होता, बहुधा त्याच गटातील माणसांच्या हाती वाटपाचे काम गेले. दया चालू असतानाच तिच्यात अन्याय कसा शिरतो, तो कोणाच्या तोंडून कळतो आणि तो दूर करताना अधिकार कोणाकडे सोपवावा लागतो, हे या सात वचनांत जितके स्पष्ट आहे तितके क्वचितच कोठे सापडेल. मदतकार्य करणाऱ्या प्रत्येक मंडळीने हा पाठ वाचायला हवा.

असाच एक अर्धवटपणा कैसरियाचा बिशप बेसिल याच्या उदाहरणात आहे. चौथ्या शतकात कप्पदुकियात (आजच्या तुर्कस्तानात) मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्याने उपाशी लोकांना जेवू घातले, आणि पुढे शहराबाहेर आजारी, निराधार आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी आश्रयस्थान उभारले, हे पुस्तिका सांगते. त्याच दुष्काळात धान्याची कोठारे भरून ठेवणाऱ्या धनिकांविरुद्ध त्याने जी खणखणीत प्रवचने केली, त्यांचा मात्र उल्लेखही नाही. बेसिलच्या दृष्टीने तुमच्या कोठारातील जादा अन्न भुकेल्याचेच होते, आणि ते न देणे ही नुसती कंजुषी नव्हती, तो अपहार होता. ही बाजू वगळल्यामुळे एक अतिशय प्रखर माणूस केवळ प्रेमळ दाता होऊन उरतो. ध्वनिमुद्रणांतही तोच कल आहे. दयेच्या भागात ऐकू येणाऱ्या सगळ्या साक्षी देणाऱ्यांच्या आहेत. मदत घेताना कसे वाटले, काय खुपले, कोणता प्रश्न विचारला असता तर बरे झाले असते, हे सांगणारा एकही आवाज नाही.

ध्वनिमुद्रणांचा दर्जा, छपाई आणि प्रार्थनांचे मजकूर यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सर्व काही स्वच्छ आणि व्यवस्थित आहे. पापांगीकाराची प्रार्थना मात्र विशेष सुंदर आहे, कारण तिच्यात केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही स्पष्ट नावे घेतली आहेत.

आता नम्रतेचा भाग. येथे स्वतःच्या धार्मिकतेची देवापुढे बढाई मारणारा परूशी आणि दया मागणारा जकातदार यांचा दाखला, शिष्यांचे पाय धुणारा येशू आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील ख्रिस्ताने दासाचे रूप धरल्याचे वर्णन, असे तीन उत्तम शास्त्रपाठ निवडले आहेत. एवढी सामग्री हाती असताना विवेचन मात्र पूर्णपणे आतल्या मनोवृत्तीवर केंद्रित झाले आहे: स्वतःविषयी कमी बोलावे, स्तुती झाल्यास देवाला श्रेय द्यावे, एकांतात आत्मपरीक्षण करावे. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण माणूस एकटा बसून नम्र झाला की नाही हे त्याचे त्यालाच ठरवावे लागत असेल, तर परूशी आणि जकातदार यांच्यातला फरक तो कशावरून ओळखणार? परूशीही आत्मपरीक्षण करतच होता, आणि त्यात तो स्वतःला उत्तीर्ण ठरवत होता.

याहून चांगले उदाहरण अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पाठात होते, आणि ते वापरायचे राहून गेले. यिर्मयाच्या सव्विसाव्या अध्यायात, मीखानंतर सुमारे शंभर वर्षांनी, यिर्मयाला ठार मारावे असा आग्रह चाललेला असताना देशातील काही वडील उठून मीखाची आठवण देतात. मीखाने सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखे नांगरले जाईल असे सांगितले, तेव्हा हिज्कीयाने त्याला मारले का? उलट त्याने परमेश्वराचे भय धरून विनवणी केली, आणि अरिष्ट टळले. प्रास्ताविक पाठात हा उल्लेख मीखाचा काळ ठरवण्यापुरता आला आहे. वास्तविक येथे नम्रता प्रत्यक्ष घडताना दिसते: एका गावाकडच्या माणसाने राजधानीच्या नाशाची वाणी उच्चारली आणि सिंहासनावरच्या राजाने ती ऐकून घेतली. त्याच अध्यायात पुढे याच्या उलट उदाहरण आहे. ऊरीया नावाच्या संदेष्ट्याने तसाच संदेश दिला, तेव्हा यहोयाकीम राजाने मिसरात पळून गेलेल्या त्या माणसाला धरून आणवले आणि तलवारीने मारले. आपल्याला न आवडणारे सत्य सांगणाऱ्याशी कसे वागलो, यावरून नम्रता पारखता येते, आणि तेव्हा न्यायातील हिशेबासारखीच ती इतरांनाही तपासता येते.

ही कसोटी मंडळ्यांना आणि संस्थांनाही लागू होते. अठराव्या शतकात इंग्लंडमधील चर्चच्या एका धर्मप्रसारक संस्थेच्या मालकीचा बार्बेडोस बेटावर उसाचा मळा होता आणि तेथे गुलाम राबत होते. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींमधील गुलामगिरी संपवताना मालकांना एकूण दोन कोटी पौंड भरपाई देण्याचे ठरले. ज्यांना गुलाम केले होते त्यांना काहीही मिळाले नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वसाधारण सभेने याविषयी क्षमायाचना केली ती २००६ मध्ये. जर्मनीतील प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्ट येथे नाझी काळातील आपल्या मंडळ्यांच्या दोषाची कबुली दिली, पण त्या निवेदनात यहुदी लोकांच्या संहाराचा स्पष्ट उच्चार नव्हता, आणि त्याबद्दल पुढे टीका झाली. सामूहिक नम्रता किती उशिरा येते, किती अपुरी असते आणि तरीही ती न येण्यापेक्षा किती बरी, हे अशा उदाहरणांतून शिकवता आले असते. पुस्तिकेत यातले काहीही नाही; नम्रता हा जणू एकेकट्या व्यक्तीचाच गुण आहे.

याचा परिणाम शेवटच्या बैठकीत दिसतो. समारोपाचा स्वाध्याय म्हणजे प्रत्येकाने शांतपणे एक संकल्प लिहून आपल्यापाशी ठेवायचा. न्यायाच्या भागात ज्या गटाने जमाखर्च उघडला होता, त्याच गटाला अखेरीस आपली वही मिटून घ्यायला सांगितले जाते. आमच्या गटप्रमुखांनी ही जागा बदलली. मंडळीच्या मदतीचा ज्यांना पूर्वी लाभ झाला होता अशा काहींना त्यांनी आधी विचारून, त्यांची इच्छा असेल तरच, बैठकीला बोलावले, आणि त्यांचे बोलणे चालू असताना कोणीही खुलासा करू नये असा नियम घातला. एका बाईंनी सांगितले, की मिळालेल्या मदतीबद्दल त्या कृतज्ञ आहेत, पण ती सर्वांसमोर दिली गेल्यामुळे नंतर कित्येक दिवस त्या उपासनेला आल्या नाहीत. अशा गोष्टी संकल्पाच्या कागदावर उमटत नाहीत.

संच घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. प्रत्येक पाठासाठी सुचवलेला वेळ न्यायाच्या भागात पुरत नाही, तेव्हा त्या भागाच्या बैठका वाढवून घ्याव्यात आणि दयेच्या भागातील एखादी कमी करावी. हिशेबाचा स्वाध्याय पाळक आणि कोषाध्यक्ष यांना आगाऊ कळवल्याशिवाय करू नये. त्यांना अचानक कोंडीत पकडणे हेही न्यायाला धरून नाही. गटप्रमुख शक्यतो मंडळीच्या कारभारात नसलेला असावा, म्हणजे प्रश्न मोकळेपणाने विचारले जातात. ज्यांनी नुकताच विश्वास धरला आहे त्यांना लेवीय आणि अनुवाद यांतील उतारे जड जातात, म्हणून त्यांच्यासाठी लूकच्या शुभवर्तमानातील पाठ आधी घेतलेले बरे. तरुणांच्या गटाला हा अभ्यासक्रम विशेष मानवेल, कारण तो त्यांच्या प्रश्नांना लवकर गप्प करत नाही.

एवढे दोष दाखवूनही मी या संचाची शिफारस करतो, आणि ती मुख्यतः न्यायाच्या भागासाठी. प्रकाशकांनी पुढची आवृत्ती काढताना प्रेषितांची कृत्ये ६ आणि यिर्मया २६ या दोन अध्यायांवर स्वतंत्र पाठ घालावेत, वूलमन यांचे चरित्र नम्रतेच्या भागात पुन्हा आणावे आणि ध्वनिमुद्रणांत मदत घेणाऱ्यांचे आवाज समाविष्ट करावेत. तोपर्यंत ज्या मंडळ्या हा संच वापरतील त्यांनी शेवटचा पाठ छापला आहे तसा न घेता, आपल्या निर्णयांचा ज्यांच्यावर परिणाम झाला आहे अशा माणसांना त्यांच्या संमतीने बोलावून, त्यांचे ऐकण्यासाठी ती बैठक राखून ठेवावी.